कडक उपास

स्टेअरिंगला पोट घासायला लागलं तेव्हा मी सीट एक खाच मागं घेतली. मग क्लचला पाय पुरेना, म्हणून पाठीमागं उशी घेतली. उशीनं पोट पुन्हा पुढं. असा सगळा घोळ. पंचेचाळिशी उलटली होती, आणि ती उलटली की पुरुषाच्या अंगाचं काय काय होतं हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. आमच्या बापानं जन्मभर मेंढरं राखली. दिवसभर चालायचा, बांधावर बसून भाकरी खायचा आणि म्हातारा झाला तरी त्याच्या अंगावर चरबी कशी ती नव्हती. मी विशीत ट्रकवर क्लीनर म्हणून चढलो तो बसूनच राहिलो. ट्रक, मग वडापची जीप, मग कंपनीची बस.

बस रांजणगावच्या एका कारखान्याला लावलेली होती. गाडी ठेकेदाराची, ड्रायव्हर मी. पहिल्या पाळीची माणसं दौंडातून उचलायची, चौफुल्यावरून आत वळायचं, पारगावच्या पुलावर भीमा ओलांडायची, मग न्हावरे, शिरूर आणि नगर रस्त्यानं रांजणगाव. मधल्या गावांतली माणसं वाटेत चढायची. निम्म्याहून जास्त बायका, पॅकिंगला जाणाऱ्या. पहाटे उठून घरचं सगळं उरकून आलेल्या असायच्या, टेकल्या की झोपायच्या. एवढी चाळीसभर माणसं माझ्या भरवशावर मान टाकून झोपतात याचा मला माज होता. होताच, कशाला खोटं बोलू? माझ्या हातून कधी कुणाला खरचटलं नव्हतं.

आणि मी तापट. रस्त्यात कुणी आडवा आला की माझं तोंड सुटायचं. उसाच्या दिवसांत तर विचारू नका. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, मागं लाइट नाही, आणि वरून टेपवर गाणी ठणाणा. त्यांच्या सात पिढ्या मी एका दमात उद्धरायचो. गाडीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. "आप्पांनी गजर लावला, उठा गं," असं कुणीतरी म्हणायचं. सगळे मला आप्पाच म्हणत.

एकीला मात्र गाडीत झोप यायची नाही. ती दौंडला स्टेशनामागच्या वस्तीतून चढायची आणि माझ्या डाव्या हाताला, इंजिनाच्या बॉनेटशेजारच्या सीटवर बसायची. पस्तिशीची असेल. नवरा वारलेला, दोन लेकरं सासूपाशी ठेवून कामाला यायची. पॅकिंगमध्ये तिच्या हाताखाली दहा-बारा बायका होत्या, त्यामुळं तिला सगळे ताई म्हणायचे, मीसुद्धा. "जय भीम, आप्पा," म्हणून चढायची. "जय भीम, ताई," म्हणून मी गिअर टाकायचो. माझ्या शिव्यांना ती एकटीच उलट बोलायची. "गाडीला हायती तसे तोंडाला बी ब्रेक बसवून घ्या की," म्हणायची. मला तिचं बोलणं आवडायचं.

तर पोटानंतर आली तहान. आधी बाटली, मग सीटखाली पाच लिटरचा कॅन. जेवढं पाणी आत तेवढं बाहेर. चौफुल्याला गाडी थांबवायची, न्हावऱ्याला थांबवायची. मागच्या सीटवरची गडीमाणसं बोंबलायची, "आप्पांची टाकी लीक हाय!" मी त्यांनाही धुवायचो. दुपारी कँटीनच्या बाकड्यावर जेवून बसलो की बसल्या जागी डोळा लागायचा. पायांच्या बोटांना मुंग्या यायच्या. बोर्ड जवळ आल्याशिवाय अक्षर लागायचं नाही. आणि एक गोष्ट अशी, जी बाप्यामाणूस कुणाला सांगत नाही. बायको आणि मी एका खोलीत झोपायचो, एवढंच उरलं होतं. तिनं का म्हणून विचारलं नाही. मी चिडचिड वाढवली आणि तिच्याआड ते झाकून टाकलं. घरात मी आलो की पोरं अभ्यासाला बसायची, इतपत.

मग ठेकेदारानं फर्मान काढलं. दुसऱ्या एका रूटवरच्या ड्रायव्हरला गाडी चालवताना चक्कर आली होती, तेव्हा चाळिशीच्या पुढच्या सगळ्या ड्रायव्हरांनी डॉक्टरचा कागद आणायचा. कागद नाही तर गाडी नाही. मला दुसरं काही येत नव्हतं. गाडीवरून उतरवलेला ड्रायव्हर म्हणजे कोण? कोणीच नाही.

शिरूरला एका डॉक्टरकडं गेलो. त्यानं तहान, लघवी, मुंग्या सगळं विचारलं, पोटाकडं बघितलं आणि इंग्रजीत चिठ्ठी खरडून रक्त तपासायला पाठवलं. खाली लॅबवाला होता. त्याला जेवायला जायची घाई. चिठ्ठी बघून म्हणाला, "फास्टिंग हाय. म्हंजी उपास. उद्या सकाळी उपास धरून या."

घरी येऊन बायकोला सांगितलं, "उद्या माझा उपास हाय."

"मंगळवारी? कुणाचा?"

"डॉक्टरचा."

ती हसली. पण सोमवार, चतुर्थी, एकादशी सगळं करणारी बाई ती. उपास कसा करायचा हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. रात्रीच साबुदाणा भिजत घातला. सकाळी तुपात जिऱ्याची फोडणी, बटाटा, दाण्याचं कूट भरपूर. वर वाटीभर दही साखर घालून. "रक्त काढणार हायेत, अशक्तपणा यायचा," म्हणून खिचडी दोनदा वाढली आणि निघताना राजगिऱ्याचा लाडू हातावर ठेवला. तो मी शिरूरच्या एसटी स्टँडवर खाल्ला.

लॅबवाल्यानं दंडाला रबर बांधताना विचारलं, "उपास हाय ना?"

मी म्हटलं, "कडक. मीठसुद्धा सैंधव."

त्यानं मान हलवली आणि सुई टोचली.

कागद बघून डॉक्टरनं चष्मा काढला. "उपाशीपोटी एवढी शुगर? हे काही बरं नाही हो." मग त्यानं डोळे, किडनी, पाय कापावा लागणं, सगळं एका दमात सांगितलं. मी हादरलो होतो. तो उपाशीपोटी म्हणाला तेव्हा तरी माझ्या डोक्यात ट्यूब पेटायला हवी होती, पण कापलेल्या पायापुढं मला काही ऐकूच आलं नाही. न्याहारीच्या आधी दोन गोळ्या, रात्री जेवणाआधी दोन. कागदावर त्यानं लिहून दिलं की औषध चालू आहे, महिन्याभरानं फेरतपासणी. ठेकेदार कागद घडी करत म्हणाला, "महिनाभर चालवा. पण पुढच्या टायमाला शुगर उतरली न्हाई तर आपला नाइलाज हाय, आप्पा."

शुगर उतरली पाहिजे. दुसरं काही डोक्यातच राहिलं नाही. आणि आमच्याकडं कुणाला शुगर निघाली की अख्खी आळी डॉक्टर होते. कारल्याचा रस काढ, मेथ्या भिजव, जांभळाच्या बियांची पूड घे. मी सगळं घेतलं. दोन भाकऱ्यांची अर्धी केली. भात बंद, चहा बिनसाखरेचा. पहाटे गाडीला स्टार्टर मारायच्या आधी दोन गोळ्या घशात टाकायचो. न्याहारी रांजणगावला, कँटीनमध्ये. मधे दीड-दोन तास नुसता रस्ता. गोळी आधी आणि न्याहारी नंतर, एवढंच मला कळलं होतं.

पंधरवडा झाला नसेल, हाताला कापरं भरायला लागलं. दरदरून घाम. आणि भूक अशी की समोरचं ताट दिसेना. शेजारच्या एका मामांनाही शुगर होती. ते म्हणाले, "शुगर चढली की असंच व्हतंय. तोंडावर ताबा ठेव." मी ठेवला. हात कापले की मी कारल्याचा रस प्यायचो आणि भाकरी बाजूला सारायचो. आता हे लिहितानाही अंगावर काटा येतो.

रागही वाढला. पेट्रोल पंपावर मी एकाची गचांडी धरली, कशावरून ते दुसऱ्या दिवशी मला आठवेना. घरी एकदा ताट भिरकावलं. थोरली लेक कोपऱ्यात उभी राहून बघत होती. पण कुणाला त्यात नवल वाटलं नाही. आप्पा तापटच आहेत. माझं अंग बोंबलून सांगत होतं आणि लोकांना तो माझा स्वभाव वाटत होता, मलासुद्धा.

तो दिवस थंडीचा. धुकं नव्हतं, पण काचेवर वाफ धरत होती. गोळ्या घेतल्या, गाडी काढली. बायकोनं डब्यात चतकोर भाकरी बांधली होती. ती मी घरीच ठेवून आलो, कारण फेरतपासणी आठवड्यावर आली होती. दौंडातून माणसं भरली. ताई बॉनेटजवळ बसली. चौफुला येईपर्यंत माझा शर्ट पाठीला चिकटला होता.

"आप्पा, थंडीत घाम कसला?" ताईनं विचारलं.

"इंजिनाची धग," मी म्हटलं.

चौफुल्यावरून आत वळलो. दोन्ही अंगांनी ऊस, अरुंद रस्ता, साइडपट्टी खचलेली. पुढं पूल. मला हे सगळं माहीत होतं, रोजचा रस्ता तो. पण त्या दिवशी तो रस्ता माझ्यापासून लांब चालला होता. हेडलाइट दिसत होते, त्यात डांबर दिसत होतं, पण ते डांबर आपल्याला चालवायचंय हे विसरायला होत होतं. मी बोटं स्टेअरिंगवर घट्ट केली. ती घट्ट होतात की नाही हेही कळेना.

उसाच्या फडातून एक ट्रॅक्टर सरळ रस्त्यावर आला. ट्रॉल्या भरलेल्या, लाइट नाही. मी ब्रेक मारला असणार, कारण सगळी गाडी पुढं हिसकली आणि ट्रॉलीतला ऊस डाव्या काचेला घासत गेला. ट्रॉलीत आणि गाडीत वीतभर अंतर राहिलं असेल. मागं कुणाचा तरी डबा पडून लोळत गेला. आणि गाडी पुन्हा चालू लागली.

ताई माझ्याकडं बघत होती.

"आप्पा?"

"हं."

"आप्पा, तुम्ही शिवी न्हाई दिली."

हे शब्द मला स्पष्ट ऐकू आले. अर्थ लागेना. मी म्हटलं, "कुणाला?"

ती उठून उभी राहिली. दुधाचे कॅन लावलेला एक मोटरसायकलवाला समोरून आमच्या अंगावर आल्यासारखा आला, खरं म्हणजे मीच त्याच्या बाजूला गेलो होतो, तो खाली साइडपट्टीवर उतरला आणि तिथूनच ओरडला. मी त्यालाही काही बोललो नाही. बोलायचं असतं हेच मला सुचलं नाही.

"गाडी बाजूला घ्या," ताई म्हणाली. "आप्पा, गाडी बाजूला घ्या."

मला बाजू कोणती ते समजेना. पुलाचा उतार लागला होता. त्या पुलाला कठडे गुडघ्याएवढे. ताईनं मागं तोंड करून अशी किंकाळी फोडली की अख्खी गाडी जागी झाली.

"उठा! आप्पा शिवी देईनात! उठा गं, आप्पांना काय तरी झालंय!"

आता कुणालाही हसू येईल. त्या वेळी कुणी हसलं नाही. गाडीतल्या एकूण एक माणसाला त्याचा अर्थ तिथल्या तिथं कळला. मेंटेनन्सचा एक फिटर माणसं तुडवत पुढं आला, माझ्या खांद्यावरून वाकून त्यानं स्टेअरिंग धरलं. "पाय काढा, आप्पा! ॲक्सिलेटरवरला पाय काढा!" मी पाय शोधत होतो. देवाशपथ सांगतो, शोधत होतो, आणि तो मला सापडत नव्हता. ताई खाली बसली, बॉनेटच्या आडून हात घातला आणि माझी पोटरी दोन्ही हातांनी धरून पाय वर उचलला. मग फिटरनं आपला पाय मधे घालून ब्रेक दाबला. गाडी उसाकडं तिरपी झाली, पुढचं चाक कडेच्या पाण्याच्या चारीत उतरलं आणि इंजिन धक्का देऊन बंद पडलं. पुढं पूल होता, बसच्या लांबीएवढ्याच अंतरावर.

नंतरचं मला तुकड्या-तुकड्यानं आठवतंय. मला खाली उतरवून रस्त्याच्या कडेला टेकवलं. कुणी म्हणालं फेफरं आहे, चप्पल हुंगवा. एका बाईनं थर्मासमधला चहा आणला, तर चारजणं तिच्यावर ओरडली, "गोड नको! शुगर हाय त्यांना, मारता का काय!" ती घाबरून मागं सरली. चारी बाजूंनी ऊस उभा होता आणि मी साखर संपून मरायला टेकलो होतो. हे कुणाला कसं कळावं? मी ताईच्या हाताला चावलो म्हणे. ते मला आठवत नाही.

एक जीप थांबवून मला केडगावला नेलं. तिथं डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी बोटाला सुई टोचून यंत्रात बघितलं आणि कुणाशी काही न बोलता दंडातून ग्लुकोज सोडलं. माझे डोळे उघडले तेव्हा बायको आलेली होती आणि तिच्या पदराचं टोक तिच्या दातात होतं. मी तिला पहिलं काय विचारलं असेल? "गाडीतली माणसं?"

"सगळी धड हायती," ती म्हणाली आणि रडली.

दिवसभर मला बाटली लावून ठेवलं. या गोळ्यांनी उतरलेली साखर वर काढली तरी पुन्हा उतरते, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दुपारी त्या माझे कागद घेऊन बसल्या. तहान, मुंग्या, सगळं खरं होतं, शुगर होती. पण एवढ्या गोळ्या का, हे त्यांना लागेना.

"रक्त द्यायच्या आधी काही खाल्लं होतं का?"

"न्हाई बाई. उपास होता. कडक."

त्यांचं पेन थांबलं. बाई आपल्याच मुलखातल्या होत्या. सावकाश म्हणाल्या, "उपासाला काय केलं होतं?"

मी बायकोकडं बघितलं. तिनं सांगितलं. खिचडी, दोनदा. बटाटा. दही-साखर. लाडू.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. आधी हसल्या, मग चेहरा उतरला. "अहो, पोट रिकामं ठेवायचं होतं. रात्रीपासून. अजिबात काही नाही. खाल्ल्यावरची शुगर उपाशीपोटीची धरली, म्हणून एवढ्या गोळ्या."

"मग उपाशी या म्हणायचं की!" बायको कडाडली. तिला एवढं मोठ्यानं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "उपास का म्हणले? उपास निराळा, उपाशी निराळं. एवढं बी कळत न्हाई का शिकल्याल्या माणसाला?"

तिचं खरं होतं, आणि माझी चाळीस माणसं एका शब्दावरून नदीत जाणार होती.

काही दिवसांनी खरंच उपाशी राहून पुन्हा रक्त दिलं. शुगर निघाली, पण बेताची. गोळी एक, तीही जेवणाबरोबर. वेळेवर खा, रोज चाला, पोट उतरवा. हाताला कापरं भरलं तर कारलं नाही, गूळ. महिन्याभरानं डॉक्टरीणबाईंनी कागद दिला, गाडी चालवायला हरकत नाही म्हणून. तो कागद मी ठेकेदारापुढं असा ठेवला, जसा मीच परीक्षा पास होऊन आलोय. त्यानं चावी दिली.

पहिल्या दिवशी पहाटे मी भाकरी खाऊन निघालो. अंग हलकं होतं. दौंडात माणसं चढली, मला बघून खूश झाली. "आप्पा, आज उपास न्हाई ना?" गाडीभर हशा. मीही हसलो. फिटरनं पाठीवर थाप मारली. सगळे चढले तरी ताई खालीच उभी होती.

"चढा की, ताई."

"तुम्ही व्हा म्होरं. मी जीपनं येते."

"आता बरा हाय मी. कागद हाय डॉक्टरचा." मी खरंच वरचा खिसा चाचपला.

"म्हाईत हाय मला," ती म्हणाली. ती माझ्या खिडकीखाली आली, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. "तुमच्यावर राग न्हाई माझा. तुम्ही मुद्दाम केलं न्हाई. पर त्या दिवशी तुमचा पाय मी उचलला, आप्पा. जीव नसल्यागत जड होता. तुमच्या जागी माझा सख्खा भाऊ असता तरी मी चढले नसते. माझ्यामागं दोन लेकरं हायती."

मला खूप लागलं. वाटलं, हिला सांगावं, अगं, आता गोळी एक आहे, गूळ खिशात आहे, डॉक्टरनं लिहून दिलंय. तिच्या मनगटावर दातांचे वण होते, अजून पुरते गेले नव्हते. मी गिअर टाकला.

त्या दिवशी जाताना आणि येताना मी गाडी नीट चालवली. कुठं हात थरथरला नाही, घाम आला नाही. पण सगळा वेळ माझं लक्ष रस्त्यावर कमी आणि माझ्या उजव्या पायावर जास्त होतं. हलतोय का, आपलाच आहे का, हे मी दर मैलाला बघत होतो. पुलावर आलो तेव्हा मला कळलं की रस्त्याऐवजी स्वतःच्या पायाकडं बघणाऱ्या माणसाच्या मागं मी स्वतःही बसलो नसतो.

संध्याकाळी गाडी लावली आणि चावी ठेकेदाराच्या टेबलावर ठेवली. तो कागदाकडं बोट दाखवून म्हणाला, "डॉक्टरनं तर पास केलंय तुम्हाला. मग झालं काय?"

मी म्हटलं, "माणसं चढंनात."

एकच बाई चढली नव्हती, बाकी गाडी भरून गेली होती. पण मी खोटं बोललो असं मला तेव्हाही वाटलं नाही.